विदर्भातले तलाव, बोड्या, रेतीघाट आणि किनारपक्षी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर आणि थोडेफार अमरावती-अकोल्याकडून आमच्याकडे सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणारे शिक्षक आहेत, शेतकरी आहेत, मासेमारी संस्थांचे सभासद आहेत, सरपंच आहेत. पक्षी बघायला नुकतीच सुरुवात केली असेल तर पहिल्यापासून वाचा. गावात गाळ काढण्याचं काम निघालं असेल तर थेट प्रश्न ७ वर जा. रेतीघाटाची, म्हणजे नदीतून रेती उपसायच्या जागेची, चिंता असेल तर प्रश्न १० वाचा.

१. विदर्भाला समुद्र नाही. मग आमच्याकडे किनारपक्षी कुठून आले?

या पक्ष्यांना समुद्र लागतोच असं नाही. पाणी आणि जमीन जिथे भेटतात तो उथळ, चिखलाचा, ओला पट्टा त्यांना लागतो, मग तो खाडीचा असो की गावच्या बोडीचा, म्हणजे लहान तळ्याचा. टिटव्या, चिखल्ये, तुतवार, टिलवे, पाणलावे, शेकाटे, पाणटिवळे, कमळपक्षी, आर्ली ही सगळी मंडळी यात येतात.

यातले काही बारमाही आपले आहेत: टिटवी, माळटिटवी, नदी टिटवी, रंगीत पाणलावा, कमळपक्षी, लहान आर्ली. बाकीचे हिवाळी पाहुणे. छोटा टिलवा हा जेमतेम पंचवीस ग्रॅमचा जीव उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशात अंडी घालतो आणि थंडीत आपल्या तलावाच्या चिखलात किडे टिपत फिरतो. ही ये-जा ज्या मार्गाने चालते त्याला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. तो सैबेरियापासून हिंदी महासागरापर्यंत जातो आणि विदर्भ त्याच्या वाटेवर आहे.

गोंदियाकडचे बरेच जण इथेच सारसाबद्दल विचारतात. सारस हा क्रौंच कुळातला, किनारपक्षी नाही. पण धानाच्या बांध्या आणि तलावांचे उथळ काठ त्यालाही लागतात, त्यामुळे खाली तलावाबद्दल जे लिहिलं आहे ते त्याच्याही कामाचं आहे.

२. कोणत्या महिन्यात पाहायला जावं?

हिरवा तुतवार आणि ठिपकेवाला तुतवार ऑगस्टमध्येच येऊन दाखल होतात, तेव्हा रोवणी नुकतीच आटोपलेली असते. पण तेव्हा तलाव तुडुंब असतात, काठाला चिखल नसतो, म्हणून पक्षी बांध्यांमध्ये विखुरलेले असतात. धानाला शेवटचं पाणी सोडलं की तलाव उतरू लागतो आणि नोव्हेंबरपासून काठ उघडा पडतो. आमच्या मते खरी मजा फेब्रुवारी ते एप्रिलची. पाणी आटत जातं तसे पक्षी उरलेल्या ओल्या पट्ट्यावर गोळा होतात. एप्रिलमध्ये परतीच्या आधी काही पाणटिवळ्यांच्या मानेवर आणि छातीवर विटकरी रंग चढलेला दिसतो.

मार्च ते जून हा आपल्या टिटव्या, आर्ली, नदी सुरय यांच्या अंड्या-पिल्लांचा काळ. कमळपक्षी मात्र पावसाळ्यात, पानांवर घरटं करतात.

वेळ सकाळची. दहानंतर चिखलावरून वाफा उठतात आणि दुर्बिणीतून सगळं थरथरतं. सूर्य पाठीशी राहील अशी जागा घ्या.

३. त्यासाठी नवेगावबांधला किंवा एखाद्या अभयारण्यातच जावं लागतं का?

नाही. पूर्व विदर्भात हजारो मालगुजारी तलाव (जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या ताब्यातले सिंचनाचे तलाव) आणि बोड्या आहेत, त्यातले कितीतरी गोंड राजांच्या काळापासूनचे. भंडारा-गोंदिया भागात कोहळी समाजाने ते बांधण्यात मोठा वाटा उचलला. हे तलाव पसरट आणि उथळ असतात, म्हणून किनारपक्ष्यांना मोठ्या धरणापेक्षा ते पुष्कळदा जास्त सोयीचे पडतात. तुमच्या गावचा तलाव आधी नीट बघा.

चूक एकाच ठिकाणी होते: लोक पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जाऊन बसतात. पाळीपाशी पाणी सगळ्यात खोल, तिथे बदकं आणि पाणकावळे दिसतील. किनारपक्षी असतात समोरच्या बाजूला, जिथून पावसाचं पाणी तलावात उतरतं आणि उतार सावकाश आहे. तिकडून, वावरातल्या धुऱ्याच्या (बांधाच्या) आडोशाने बघा.

पश्चिम विदर्भात मालगुजारी तलाव नाहीत, पण पाझर तलाव, काटेपूर्णा, बेंबळा, इसापूर अशा धरणांचे काठ आणि नद्यांची पात्रं आहेत. बुलढाण्यातलं लोणारचं खारं सरोवर २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत गेलं. तिथे लांब गुलाबी पायांचे शेकाटे सहज दिसतात. आणि माळटिटवीला तर पाण्याचीही गरज नाही, तिला उघडा, मुरमाड माळ पुरतो.

४. दुर्बीण नाही, कॅमेरा नाही. चालेल का?

चालेल. पहिला हिवाळा टिटवी, शेकाट्या, कमळपक्षी आणि तुतवार यांच्या चाली आणि आवाज ओळखण्यात घालवा. पुढे दुर्बीण घ्याल तेव्हा ८×४० किंवा ८×४२ घ्या. फार मोठ्या वाढीची दुर्बीण हातात हलते. कॅमेऱ्याची घाई करू नका, त्याचं कारण प्रश्न १४ मध्ये आहे.

५. सगळे मातकट, सगळे सारखेच दिसतात. ओळखायचे कसे?

रंग सोडा आणि चाल बघा.

पाण्याच्या अगदी कडेला एकटाच फिरणारा, शेपटीकडचा भाग सारखा खालीवर हलवणारा, तो सामान्य तुतवार. त्याच्या खांद्यापाशी पोटाचा पांढरा रंग पाचरीसारखा वर चढलेला असतो. उडाला की पंख ताठ ठेवून, थरथरवत, पाण्याला लागून जातो.

बोडीच्या कोपऱ्यातून एकदम मोठ्याने ओरडत सरळ वर उठला, पाठ काळपट आणि कंबर पांढरीशुभ्र दिसली, तर तो हिरवा तुतवार. त्याचाच भाऊ ठिपकेवाला तुतवार: अंगभर ठिपके, डोळ्यावर फिकट भुवई, पाय पिवळसर, आणि पुष्कळदा चार-सहा जणांच्या सोबतीने.

धावला, थांबला, टिपलं, पुन्हा धावला: हा चिखल्या. डोळ्याभोवती पिवळं कडं आणि गळ्यात काळा पट्टा असेल तर कंठेरी चिखल्या. चिमणीएवढा, मान खाली घालून शिवणयंत्राच्या सुईसारखा भराभर टोचत चाललेला, पाय काळे, तो छोटा टिलवा. तसाच पण पाय पिवळट-हिरवे असतील तर टेमिंकचा टिलवा.

पाणलावा तुम्हाला दिसण्याआधीच उडतो, वेडावाकडा जातो आणि लांब जाऊन पडतो. रंगीत पाणलाव्यात मादी जास्त रंगीत आणि नर अंडी उबवतो. कमळपक्ष्यातही पिल्लांची जबाबदारी नरावरच असते.

एवढे ओळखता आले की तलावावरचे बहुतेक पक्षी तुमचे झाले. उरलेल्यांसाठी वहीत चोचीची लांबी, पायांचा रंग, चाल आणि आवाज लिहून ठेवा. नाव नंतर सापडतं.

६. टिटवी रात्री ओरडली की कुणीतरी जातं म्हणतात. आणि तिच्या अंड्यांवरून पाऊस कळतो हे खरं का?

टिटवी जमिनीवर अंडी घालते. कोल्हा, कुत्रा, मुंगूस, साप किंवा माणूस जवळ आला की ती ओरडणारच, दिवसा असो की रात्री. ती तिच्या घराची राखण आहे. तिच्या ओरडण्याचा आपल्या घरातल्या आजारपणाशी संबंध नाही, आणि त्या धास्तीने घरटं मोडणाऱ्यांना हे आम्ही दरवेळी स्पष्ट सांगतो.

अंड्यांचं म्हणाल तर जितकी अंडी तितके महिने पाऊस, असं आपल्याकडे मानतात. टिटवी बहुधा चार अंडी घालते आणि आपला पावसाळाही साधारण चार महिन्यांचा, त्यामुळे हा अंदाज बहुतेक वर्षी जुळल्यासारखा वाटतो. जागा उंच की सखल, यावरूनही लोक बोलतात. पण पेरणीचा निर्णय त्यावर घेऊ नका.

याहून बघण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. मे महिन्यातल्या दुपारी टिटवी पाण्यापाशी जाते, पोटाची पिसं भिजवते, तशीच ओली परत येते आणि अंड्यांवर बसते. काही वेळा ती अंड्यांवर नुसती सावली धरून उभी असते, चोच उघडी, धापा टाकत. चंद्रपूरच्या उन्हात जमिनीवरची अंडी शिजू नयेत म्हणून सव्वीस ते तीस दिवस हे चालतं, नर-मादी आळीपाळीने. त्या काळात माणूस तासभर घरट्याजवळ रेंगाळला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

७. तलावातला गाळ काढणं पक्ष्यांसाठी चांगलं की वाईट?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि उत्तर कुठला गाळ कसा काढता यावर आहे. गाळाने भरलेला तलाव कुणाच्याच कामाचा नाही, ना धानाच्या, ना माशांच्या, ना पक्ष्यांच्या. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेतून काढलेल्या गाळाने वावरं सुधारतात, हेही खरं. गाळ काढायला आमचा विरोध नाही.

अडचण येते ती यंत्र कुठे लागतं तिथे. उन्हाळ्यात समोरचा उथळ काठ आधी कोरडा होतो, ट्रॅक्टर तिथे सहज पोचतो, म्हणून जेसीबी तिथेच खोदतो. पाळीजवळचा, खरोखर साचलेला गाळ तसाच राहतो, कारण तिथे ओल असते. परिणाम असा की सावकाश उताराच्या जागी उभ्या कडांचे खड्डे तयार होतात. छोट्या टिलव्याला दोन-चार सेंटिमीटर पाणी चालतं, शेकाट्याला वीतभर. कडेलाच कमरेइतकं पाणी असेल तर दोघांनाही उभं राहायला जागा नाही. गुरं पाण्यावर येतात तीही त्या कडांवरून घसरतात, आणि मुलं बुडण्याचा धोका वाढतो तो वेगळाच.

दुसरी गोष्ट खोलीची. तळाच्या चिकण थरामुळे पाणी थांबतं. अधाशीपणे मुरूम लागेपर्यंत खोदलं तर तलाव गळायला लागतो. कमळ, पोयणी आणि पाण्याखालच्या गवतांचे कंद आणि बियाही त्या वरच्या गाळातच असतात. ते सगळं एकदम वावरात गेलं की पुढची कित्येक वर्षं तलावात नुसतं पाणी दिसतं, त्यात माशांना चारा नसतो.

म्हणून ग्रामसभेत काम मंजूर करताना एवढं लिहून घ्या: खोदाई पाळीकडच्या आणि मधल्या भागात होईल, समोरच्या काठाचा ओला पट्टा आणि त्याचा उतार तसाच राहील, खड्ड्यांच्या कडा उतरत्या केल्या जातील, चिकण थर फुटणार नाही, आणि एकाच वर्षी सगळा तलाव उपसला जाणार नाही. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दोघा-तिघांनी काठ पायी फिरून टिटवीची घरटी शोधा आणि तिथे काटक्या रोवून खूण करा. जेसीबीवाल्याला जागा दाखवली की तो वळसा घालतो, हा आमचा अनुभव आहे. बेशरम ही काठावर माजणारी वनस्पती मात्र मुळासकट काढा, तिने काठ व्यापला की पक्ष्यांना जागा उरत नाही.

८. पाणी उतरलं की आम्ही तलावाच्या पोटात हरभरा, लाखोळी घेतो. ते बंद करायचं का?

बंद करायची गरज नाही. गाळपेर जुनी आहे, आणि पाण्यामागे सरकत जाणारं हे पीक पक्ष्यांबरोबर वर्षानुवर्षं नांदलं आहे. बिघडतं ते दोन गोष्टींनी. एक, पार पाण्यात शिरून नांगरणं; शेवटचे वीस-पंचवीस पावलं ओला काठ मोकळा सोडा, पाणी सरकेल तसा तोही सरकेल. दोन, तणनाशक आणि कीटकनाशक. तलावाच्या पोटात मारलेलं औषध पहिल्या पावसात तलावातच जातं, आणि चिखलातले किडे गेले की त्यावर जगणारे पक्षीही जातात. तेच पाणी तुमची जनावरं पितात.

९. ग्रामपंचायतीने तलावाचं सुशोभीकरण काढलं आहे: भोवताली दगडी बांधकाम, फिरायचा रस्ता, दिवे. पक्ष्यांना फायदा होईल ना?

नाही. चारी बाजूंनी दगड लावला की तो हौद होतो. पाळीवर रस्ता करा, बाकं ठेवा, झाडं लावा, तिथे गावाला बसायला जागा हवीच. समोरचा काठ मात्र मातीचाच ठेवा आणि त्या बाजूला दिवे लावू नका. निधी उरत असेल तर गावचं सांडपाणी तलावात येतं ते आधी वळवा. जलपर्णी त्यावरच पोसते.

१०. नदीतल्या रेतीवरही पक्षी अंडी घालतात का? घाट तर दरवर्षी लिलावात जातो.

घालतात, आणि विदर्भातली सगळ्यात दुर्लक्षित घरटी हीच आहेत. वैनगंगा, वर्धा, पैनगंगा यांच्या पात्रात उन्हाळ्यात रेतीचे बेट आणि पट्टे उघडे पडतात. तिथे नदी टिटवी, लहान आर्ली, कंठेरी चिखल्या आणि नदी सुरय अंडी घालतात. घरटं म्हणजे रेतीत पोटाने केलेला उथळ खळगा. अंडी रेतीच्याच रंगाची, त्यामुळे पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. नदी सुरय आता जगभरात संकटात असलेल्या पक्ष्यांच्या यादीत आहे.

घरट्यांचा काळ मार्च ते जून. रेतीचा उपसा पावसाळ्यात बंद असतो आणि उन्हाळ्यात जोरात चालतो. म्हणजे बंदीचा काळ आणि अंड्यांचा काळ एकमेकांना चुकवूनच जातात. बेकायदा उपसा तर रात्री होतो, आणि ट्रॅक्टरच्या चाकाखाली काय गेलं ते कुणाला दिसतही नाही.

गावाला करता येण्यासारखं असं: लिलावाआधी ग्रामसभेपुढे विषय येतो तेव्हा पाण्याने वेढलेली बेटं उपशातून वगळण्याची मागणी ठरावात लिहा. घरटी बहुतेक अशाच बेटांवर असतात, कारण तिथे कुत्रे पोचत नाहीत. पात्रात टरबूज-डांगराच्या वाड्या लावणाऱ्या कुटुंबांशी बोला. ते महिनोन्महिने तिथेच राहतात, घरटी कुठे आहेत हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, आणि वाडीवरचा कुत्रा बांधून ठेवला तरी पुष्कळ अंडी वाचतात.

वरच्या धरणातून अचानक पाणी सोडल्यानेही घरटी वाहून जातात. त्यासाठी पाटबंधारे खात्याला घरट्यांच्या जागा आणि तारखा लेखी द्या. एका पत्राने काही होत नाही. दरवर्षी मार्चमध्ये द्यावं लागतं.

११. नांगरताना वावरात टिटवीची अंडी सापडली. उचलून धुऱ्यावर ठेवली तर चालेल का?

उचलू नका. हलवलेल्या जागी टिटवी बसेलच असं नाही. भोवती दोन हात जागा सोडून नांगर वळवा आणि काडी रोवून ठेवा. तुमचं काम त्या कोपऱ्यातून लवकर हललं तर ती परत येते. भर उन्हात मात्र आधी तो भाग उरकून मोकळा करा.

१२. टिटवीचं पिल्लू एकटंच बसलेलं सापडलं. घरी आणलं आहे. काय खायला देऊ?

जिथून आणलं तिथेच लगेच नेऊन ठेवा. टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाली की काही तासांत धावू लागतात आणि स्वतः किडे टिपतात. आईबाप ओरडले की ती जमिनीला चिकटून निपचित बसतात, म्हणून आपल्याला अनाथ वाटतात. ठेवल्यावर शंभरेक पावलं लांब जा आणि थांबा. आईबाप बहुतेक वेळा जवळच घिरट्या घालत असतात. पंख किंवा पाय मोडला असेल तरच वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

१३. मासेमारीच्या जाळ्यात पक्षी अडकतात. ढिवर बांधवांनी काय करावं?

आमचा अनुभव असा की तलाव टिकावा असं सगळ्यात जास्त त्यांनाच वाटतं. धोका असतो तो सोडून दिलेल्या बारीक नायलॉन जाळ्यांचा. काठावर, गवतात पडलेल्या तुकड्यांत चिखल्या-तुतवाराचे पाय गुंततात. संस्थेने फाटकी जाळी गोळा करायची एक जागा ठरवावी आणि उथळ काठाला रात्रभर जाळं लावून ठेवू नये. पक्षी जिवंत अडकला असेल तर त्याच्या डोक्यावर ओलं न केलेलं फडकं टाका, तो शांत होतो. मग दोरा ओढू नका, कापा.

१४. घरट्याचा जवळून फोटो काढला तर काय बिघडतं?

अंड्यांवरची टिटवी उठते आणि ऊन काम करतं (प्रश्न ६). तुमच्या पावलांच्या मागावर कुत्रे आणि कावळे येतात. चिखल्या पंख मोडल्याचं सोंग करत तुमच्यासमोर फरफटत जाऊ लागला, म्हणजे तुम्ही घरट्याच्या फार जवळ आहात. आल्या वाटेने मागे फिरा. घरट्याचं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका, तालुक्याचं नावसुद्धा पुरे असतं. ध्वनिफीत वाजवून पक्षी बोलावणं विणीच्या काळात पूर्ण टाळा.

१५. आमच्या तलावाला पाणथळ जागांचा कायदा लागू होतो का?

२०१७ च्या पाणथळ जागा नियमांच्या व्याख्येतून नदीचं पात्र, भातशेती आणि सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. मालगुजारी तलाव सिंचनासाठीच बांधलेले, त्यामुळे नुसतं या नियमांवर विसंबून राहिलात तर तुमचा अर्ज परत येण्याची शक्यता मोठी आहे.

पण इतर वाटा आहेत. तलावाच्या जमिनीवर अतिक्रमण असेल तर तहसीलदारांकडे जा आणि सोबत सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा निकाल जोडा. तो गावतळ्यावरच्या अतिक्रमणाचाच खटला होता. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती २००२ च्या कायद्याने असायलाच हवी. लोक जैवविविधता नोंदवहीत तलाव, त्यातले पक्षी, मासे, वनस्पती यांची नोंद करून घ्या. वनहक्क कायद्याखाली (२००६) सामूहिक हक्क मिळालेल्या गावांना जलाशयातल्या मासळीवर आणि इतर उपजावरही हक्क सांगता येतो. तलावाची मालकी कुणाकडे आहे, जिल्हा परिषद की पाटबंधारे खातं, हे आधी सातबाऱ्यावरून पक्कं करा. अर्ज चुकीच्या टेबलावर गेला की वर्ष जातं.

१६. बाजारात पाणलावे, टिटव्या, बदकं विकायला येतात. हे गुन्हा आहे का?

आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार वन्य पक्षी पकडणं, मारणं, विकणं गुन्हा आहे, आणि अंडी फोडणं किंवा घरटं विस्कटणं हेही त्याच कायद्यात शिकार या व्याख्येत येतं. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अनुसूची १ मधल्या प्रजातींसाठी शिक्षा त्याहून कडक आहे. स्वतः भांडायला जाऊ नका. १९२६ वर कळवा, जागा आणि वेळ सांगा.

१७. तलावावर एकाच दिवशी बरेच पक्षी मेलेले दिसले. काय करावं?

हात लावू नका, मुलांना आणि कोंबड्यांना लांब ठेवा. वनविभाग आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा. कारण विषबाधा असू शकतं, तसंच बर्ड फ्लूही, आणि ते तपासणीतूनच ठरतं. आदल्या दोन दिवसांत जवळपास फवारणी किंवा विषारी दाणा टाकला गेला असेल तर तेही सांगा.

१८. मेलेल्या पक्ष्याच्या पायात कडी होती. ती काढून ठेवू का?

एकटा पक्षी असेल आणि आजाराचा संशय नसेल तर कडीवरचा क्रमांक आणि अक्षरं जशीच्या तशी लिहा, फोटो काढा, ठिकाण आणि तारीख नोंदवा आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. जिवंत पक्ष्याच्या पायातली कडी कधीही काढायची नाही. रंगीत पट्टी दिसली तर रंगांचा क्रम आणि पाय डावा की उजवा हेही लिहा. बरेच पक्षी एकदम मेले असतील तर प्रश्न १७ प्रमाणे वागा आणि फोटो लांबूनच घ्या.

१९. आमच्या नोंदींचा उपयोग कुठे होतो? आणि घरट्याची नोंद टाकायची की लपवायची?

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, ती १९८७ पासून चालू आहे, आणि तुमच्या गावचा तलाव त्यात मोजता येतो. बाकी वर्षभराच्या नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. एकच तलाव दर पंधरवड्याला मोजलेला असेल तर त्या नोंदीला वजन येतं. गाळ काढण्याआधीची आणि नंतरची संख्या ग्रामसभेपुढे ठेवता येते. पाण्याची पातळी काठावरच्या एखाद्या कायमच्या खुणेवरून सोबत लिहीत चला.

हिवाळी पाहुण्यांच्या नोंदी खुशाल उघड टाका. सारस, नदी सुरय, नदी टिटवी यांची घरटी असतील तर अंडी फुटून पिल्लं उडेपर्यंत नोंद वहीतच ठेवा आणि हंगाम संपल्यावर टाका. अपवाद एकच: त्या जागेवर उपसा किंवा खोदाई मंजूर होणार असेल तर थांबू नका, घरट्याची नोंद तारखेसह त्याच दिवशी वनविभाग आणि तहसील कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या.